इथेनॉल म्हणजे फुकटची पॉवर नव्हे



गेले दोन आठवडे इथे इथेनॉलवर जी पत्रापत्री चालली आहे ती मी गुपचूप वाचतोय. एक गट म्हणतो ई-८५ टाका, गाडीचं विमान होतं. दुसरा म्हणतो इथेनॉल म्हणजे इंजिनाला वीष. दोन्हीकडे इंजिनियर मंडळी आहेत, आणि दोन्हीकडे कुणी साधी आकडेमोड केलेली दिसत नाही, म्हणून हा लांबलचक प्रपंच. ज्यांना गाड्यांत रस नाही त्यांनी सरळ शेवटच्या तीन-चार परिच्छेदांकडे जावं. तिथे आईबाबांच्या गाडीचा विषय आहे.

माझी पार्श्वभूमी एवढीच की पदवी मेकॅनिकलची आणि पोटापाण्याला जावा (आपल्यापैकी निम्म्यांची हीच कथा). शिकागोजवळ राहतो, आणि आम्हा तिघा मित्रांत मिळून १९९५ सालची एक माझदा मिआटा आहे. १.८ लिटर, कंपनीचा आकडा १२८ हॉर्सपॉवर, कॉम्प्रेशन ९ ला १. आतलं इंजिन कंपनीतून आलं तसंच. बाहेर एक्झॉस्ट बदललाय आणि स्वतः प्रोग्राम करता येणारा ईसीयू बसवलाय. ती रस्त्यावर जात नाही, ट्रेलरवर चढून ट्रॅकवर जाते. रस्त्यावरच्या गाडीचा ईसीयू असा छेडणं इथल्या क्लीन एअर ॲक्टमध्ये बसत नाही, त्यामुळे पुढचं सगळं ट्रॅकच्या गाडीपुरतं समजावं.

माझं मत आधीच सांगतो. टर्बो नसलेल्या, जवळजवळ मूळ अवस्थेतल्या इंजिनात पॉवरसाठी ई-८५ टाकणं हा पैशाचा आणि वेळेचा अपव्यय आहे. आणि अर्धवट तयारीने टाकणं हा धोका आहे, तुम्हालाही आणि तुमच्या मागच्या गाडीलाही.

"इथेनॉलमध्ये जास्त ताकद असते" हे वाक्य इथे तीन वेळा आलं. एक किलो पेट्रोलमध्ये साधारण ४३ ते ४४ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक किलो शुद्ध इथेनॉलमध्ये साधारण २७. म्हणजे ताकद कमीच. मग इंडीकारवाले ते का वापरतात? कारण इंजिनाला मर्यादा इंधनाची नसते, हवेची असते. इंधन हवं तेवढं ओता, पण सिलिंडरमध्ये हवा जाते तेवढीच जाते. पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाच्या १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. आता भागाकार करा. एक किलो हवेमागे पेट्रोल देतं जवळपास २.९६ मेगाज्यूल, इथेनॉल २.९८. झालं! दोघे सारखेच. तेवढ्याच हवेत इथेनॉल जास्त जाळता येतं, पण ते जास्त जाळून आपण जिथे होतो तिथेच पोचतो. फुकट काही मिळत नाही.

फायदा येतो तो दुसऱ्या वाटेने. इथेनॉलची वाफ व्हायला उष्णता फार लागते, किलोमागे पेट्रोलच्या अडीचपट. त्यात ते वजनाने जास्त फवारलं जातं, त्यामुळे तेवढ्याच हवेतून शोषली जाणारी उष्णता चौपट होते. आत येणारं मिश्रण गार पडतं, थोडी जास्त हवा मावते. शिवाय इथेनॉलचा ऑक्टेन, रिसर्च पद्धतीने मोजला तर, १०८ च्या आसपास. म्हणजे नॉकिंगची भीती बरीच कमी होते आणि स्पार्क लवकर देता येतो.

पण, आणि इथेच सगळी गंमत आहे, स्पार्क लवकर देऊन फायदा कुणाला? ज्या इंजिनात नॉकिंगच्या भीतीने स्पार्क मागे ओढून ठेवला आहे, त्यालाच. प्रत्येक इंजिनाला प्रत्येक आरपीएमवर टायमिंगचा एक बिंदू असतो जिथे टॉर्क सर्वांत जास्त मिळतो. त्याच्या पुढे गेलात तर पिस्टन वर येत असतानाच स्फोटाचा दाब त्याला खाली ढकलायला लागतो आणि टॉर्क उलट घटतो. आमच्यासारखं ९ कॉम्प्रेशनचं, टर्बो नसलेलं इंजिन पंपावरच्या ९३ ऑक्टेनवर त्या बिंदूच्या अगदी जवळ पोचलेलंच असतं. त्याला १०८ ऑक्टेन पाजणं म्हणजे भरल्या पोटी श्रीखंड. जे मिळतं ते गार मिश्रणामुळे, आणि ते दोन-चार टक्के धरा. १२८ वर चार-पाच हॉर्सपॉवर. तेवढ्यासाठी इंजेक्टर, पंप, नळ्या, सेन्सर, डायनोचे तास? त्या पैशात टायरचा एक चांगला सेट येतो, आणि टायरने लॅप टाइममध्ये जो फरक पडतो तो कुणालाही डोळ्यांनी दिसतो.

दाब वाढवणाऱ्या इंजिनाचं गणित वेगळं. कोनिगसेगची सीसीएक्स पेट्रोलवर ८०६ हॉर्सपॉवरची होती. २००७ साली आलेली सीसीएक्सआर ई-८५ वर १०१८ ची. हे उदाहरण इथे कुणीतरी विजयी मुद्रेने दिलं होतं. पण तिथे सुपरचार्जर आहे आणि त्याचा दाब इथेनॉलच्या भरवशावर वाढवला आहे. इथेनॉलने परवानगी दिली, काम दाबाने केलं. तुमच्या मूळ इंजिनात ती परवानगी वापरणारं कुणीच नसेल तर ती कागदावरच राहणार. कॉम्प्रेशन १२-१३ पर्यंत वाढवलं तर गोष्ट बदलते हे मान्य, पण मग ते "जवळजवळ मूळ" इंजिन राहत नाही.

ज्यांची मुलं इथल्या कॉलेजांत फॉर्म्युला एसएईच्या टीममध्ये आहेत त्यांनी एक नियम मुलांना विचारावा. त्या स्पर्धेत सगळी हवा एका अरुंद गळ्यातून घ्यावी लागते. पेट्रोलच्या गाडीला २० मिलिमीटरचा गळा, ई-८५ च्या गाडीला १९ चा. क्षेत्रफळात जवळपास दहा टक्के कमी. नियम करणाऱ्यांना इथेनॉलचा फायदा ठाऊक आहे आणि तो त्यांनी हवेतच कापून घेतला आहे. इंधनाचा हिशोब हवेत चुकता करणं, हे मला फार आवडलं.

आता धोक्याकडे. ई-८५ ला पेट्रोलपेक्षा, म्हणजे पंपावर मिळणाऱ्या दहा टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलपेक्षाही, आकारमानाने ३५ टक्क्यांहून जास्त इंधन लागतं. समजा इंजिन १३० हॉर्सपॉवर देतंय आणि तासाला हॉर्सपॉवरमागे अर्धा पौंड पेट्रोल खातंय. चार इंजेक्टर, प्रत्येकी मिनिटाला सुमारे १७० सीसी. इंजेक्टर २५० सीसीचा असेल तर तो ६८ टक्के वेळ उघडा. छान. आता तेच ई-८५ वर करा: २३० च्या वर, म्हणजे ९३ टक्के. इंजेक्टरला ८०-८५ च्या पुढे ताणायचं नाही हा साधा नियम आहे, कारण त्यापुढे त्याला नीट बंद होऊन पुन्हा उघडायला वेळच उरत नाही. त्यात पंप म्हातारा, रेल्वरचा दाब थोडा पडतो, आणि ६५०० आरपीएमवर, जिथे इंधनाची सर्वांत जास्त गरज असते, नेमकं तिथे मिश्रण लीन होतं. लॅपटॉपवर टेबलमध्ये तुम्ही कितीही मोठा आकडा टाइप करा. सॉफ्टवेअरवाल्यांना हे समजायला जड जातं (स्वानुभवाने नाही, सहवासाने सांगतोय): व्हेरिएबलला किंमत दिली म्हणजे नळीतून तेवढं इंधन वाहिलं असं होत नाही.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या ट्रॅक-डेला नेमकं हेच झालं. नुकताच नोकरीला लागलेला एक मुलगा, छान नीटनेटकी गाडी. ट्यूनिंगच्या एका दुकानाने त्याला ईमेलने "ई-८५ ची फाइल" विकली होती. इंजेक्टर मूळचे, पंप मूळचा, वाइडबँड सेन्सर नाही. दुकानाने विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. तिसऱ्या सत्रात सरळ पट्ट्यावर पिस्टन वितळला, तेल ट्रॅकवर, आणि मागून येणारी गाडी त्यावरून घसरून भिंतीला लागली. मागच्या चालकाचं मनगट मोडलं. तो माणूस पेट्रोलवर होता आणि त्याला इथेनॉलच्या वादाशी काही देणंघेणं नव्हतं. म्हणून "माझी गाडी, माझा प्रयोग" हे वाक्य मला पटत नाही. ट्रॅकवर प्रयोग एकट्याचा नसतो.

दुसरा सापळा नावात आहे. ई-८५ मध्ये ८५ टक्के इथेनॉल असतं असं समजू नका. इथल्या मानकाप्रमाणे ते ५१ ते ८३ टक्क्यांत कुठेही असू शकतं, आणि पंपावरच्या नारिंगी चिठ्ठीवर तसं लिहिलेलंही असतं. हिवाळ्यात थंड इंजिन सुरू व्हावं म्हणून पेट्रोल वाढवतात, उन्हाळ्यात कमी करतात. समजा मार्चमध्ये ५५ टक्क्यांच्या इंधनावर ट्यून केलं आणि जुलैत ८० टक्क्यांचं भरलं, तर त्याच इंजेक्टर वेळेत मिश्रण साधारण १२ टक्के लीन होतं. लॅम्डा ०.८५ वर ठेवला होता तो थेट ०.९५. उलट केलंत, म्हणजे उन्हाळ्यात ट्यून करून हिवाळी इंधन भरलंत, तर मिश्रण रिच पण स्पार्क त्या इंधनाला न झेपणारा. दोन्हीकडून मार.

म्हणून इंधनातलं इथेनॉल मोजणारा फ्लेक्स-फ्युएल सेन्सर हा शोभेचा भाग नाही. जीएमच्या गाड्यांत येणारा सेन्सर सर्रास वापरतात. तो शून्य टक्क्याला ५० हर्ट्झ आणि शंभर टक्क्याला १५० हर्ट्झ देतो. ५० वजा करा, टक्केवारी हातात. इतका सरळ इंटरफेस आमच्या ऑफिसात वीस वर्षांत कुणी बनवलेला नाही. ईसीयू दोन टेबलांत, पेट्रोल आणि इथेनॉल, त्या टक्क्याने सुवर्णमध्य काढतो. सेन्सर परवडत नसेल तर निदान खुणांची काचेची नळी घ्या, थोडं पाणी आणि थोडं इंधन घालून हलवा. इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याकडे जातं. पाण्याचा थर किती वाढला ते पाहा. आठवीच्या प्रयोगशाळेतलं काम आहे.

आणि कृपा करून हवा-इंधन गुणोत्तराच्या आकड्यांवर भांडू नका. पेट्रोलचं १४.७, ई-८५ चं साधारण ९.८, आणि आपल्याकडचे बहुतेक गेज काहीही भरलं तरी पेट्रोलच्याच पट्टीवर दाखवतात. एकजण म्हणतो "मी १२.५ वर चालवतो", दुसरा म्हणतो "बापरे, इथेनॉलला हे भयंकर लीन", आणि दोघेही एकच गोष्ट बोलत असतात. लॅम्डात बोला. सेन्सरला लॅम्डाच कळतो. पूर्ण थ्रॉटलला ई-८५ साठी ०.८० ते ०.८५ ही पट्टी मूळ इंजिनाला निवांत आहे.

इथेनॉल नॉकिंगला दाद देत नाही म्हणून ते सगळं माफ करतं, असाही एक गोड समज आहे. तापलेल्या पृष्ठभागावर, उदाहरणार्थ लाल झालेल्या स्पार्क प्लगच्या टोकावर, ते पेट्रोलपेक्षा सहज पेट घेतं. म्हणजे स्पार्कच्या आधीच पेटणं. नॉकिंग निदान वाजून सांगतं. हे सांगत नाही, थेट पिस्टनला भोक पाडतं. म्हणून एक पायरी थंड प्लग. पाच मिनिटांचं काम, तरी लोक टाळतात.

बाकीच्या कटकटी भराभर सांगतो. १९९५ च्या गाडीतल्या रबरी नळ्या बदला, पीटीएफई अस्तराच्या घ्या. जुन्या टाकीतला चिकटा इथेनॉल सोडवून आणतं, तेव्हा पहिल्या काही टाक्यांनंतर फिल्टर बदला. ऑइल लवकर बदला, कारण थंड इंजिनात न जळलेलं इथेनॉल आणि पाणी त्यात उतरतं. मोसम संपला की ई-८५ टाकीत ठेवून गाडीवर कव्हर घालू नका. आणि एप्रिलच्या सकाळी विस्कॉन्सिनमध्ये गाडी सुरू झाली नाही तर बॅटरीला शिव्या देऊ नका. शुद्ध इथेनॉलची पेट घेण्याइतकी वाफ साधारण १३ अंश सेल्सिअसच्या खाली होतच नाही. ब्राझीलवाले यासाठी बॉनेटखाली पेट्रोलची छोटी वेगळी टाकी ठेवत.

तास-तास चालणाऱ्या शर्यतींत भाग घेणाऱ्यांसाठी अजून एक. जी टाकी पेट्रोलवर दोन तास पुरते ती ई-८५ वर जेमतेम दीड तास. एक जादा पिट-स्टॉप. चार हॉर्सपॉवरने कमावलेलं सगळं तिथे पाच मिनिटांत जातं.

मग ई-८५ घ्यावंच कुणी? टर्बोवाल्यांनी, आनंदाने. त्यांच्यासाठी ते रेस-फ्युएलच्या ड्रमच्या तुलनेत फारच स्वस्त आहे, आणि मिडवेस्टमध्ये मक्याच्या कृपेने पंपही सापडतात. ज्यांचं इंजिन ऑगस्टच्या उकाड्यात नॉकिंगच्या कडेवर चालतं त्यांनीही. पण क्रम असा: आधी वाइडबँड, मग पंप-इंजेक्टर-नळ्या, मग सेन्सर, आणि सर्वांत शेवटी लॅपटॉप. आपण लोक लॅपटॉपपासून सुरू करतो कारण तो आधीच हातात असतो.

आता घरचा विषय. गावाकडून फोन येतो, "अरे, ते नवीन पेट्रोल गाडी खातंय म्हणे." भारतात २०२३ च्या फेब्रुवारीत ई-२० ची सुरुवात झाली आणि २०३० चं वीस टक्क्यांचं उद्दिष्ट अलीकडे ओढून २०२५ मध्येच गाठलं. वरचाच हिशोब लावा. लिटरमागे पेट्रोल साधारण ३२ मेगाज्यूल, इथेनॉल साधारण २१. शुद्ध पेट्रोलवरून ई-२० वर आलात तर जवळपास ७ टक्के ऊर्जा कमी, ई-१० वरून आलात तर साडेतीन. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घट लिहिलेली आहे, ती याच गणिताशी जुळते. ॲव्हरेज निम्मं झालं असं सांगणाऱ्याने दुसरं कारण शोधावं, आणि काहीच फरक पडत नाही असं सांगणाऱ्याने भागाकार शिकावा.

गाडी खराब होते का? फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर असतो. ई-१० वरून ई-२० ला लागणारं तीन-चार टक्के जास्तीचं इंधन तो ईसीयू निमूटपणे वाढवून देतो. मिश्रणामुळे त्या इंजिनाला काही होणार नाही. बाबांची कार्बोरेटरवाली जुनी स्कूटर मात्र वेगळी. तिला डोळे नाहीत. शुद्ध पेट्रोलला जेट लावलेला कार्बोरेटर ई-२० वर सात टक्के लीन चालतो, आणि रबरही त्या काळचं. त्यांना एवढंच सांगा: मेकॅनिककडून जेट आणि नळ्या बघून घ्या, आणि महिनोन्‌महिने टाकीत पेट्रोल ठेवून गाडी उभी करू नका.

मी कोल्हापूरकडचा आहे. मळीच्या वासात वाढलोय, आणि उसाला इथेनॉलचं गिऱ्हाईक मिळालं याचा मला आनंदच आहे. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल म्हणून उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आली तेव्हा कारखानदारांची काय धांदल उडाली तेही घरून ऐकलं. माझा आक्षेप इथेनॉलला नाही, निवड काढून घेण्याला आहे. इथे मी पंपावर उभा राहतो तेव्हा तीन-चार नोझल समोर असतात, प्रत्येकावर चिठ्ठी, आणि ई-८५ ला भाव वेगळा. माझ्या इंजिनाला काय झेपतं ते मी ठरवतो. त्याच नीती आयोगाच्या अहवालात जास्त मिश्रणाचं इंधन साध्या पेट्रोलपेक्षा स्वस्त असावं, म्हणजे कमी ऊर्जेची भरपाई होईल, असं सुचवलं होतं. ती एक ओळ अमलात आणली असती तर गावाकडून येणारे निम्मे फोन आले नसते.

सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ ला यासंबंधीची याचिका फेटाळली, तेव्हा जुन्या गाड्यांसाठी वेगळं नोझल मागण्याचा तो रस्ता निदान त्या वेळी बंद झाला. कार्बोरेटरवाल्या लाखो दुचाकी मात्र अजून रस्त्यावर आहेत आणि त्यांच्या मालकांना जेटबद्दल कुणी सांगितलेलं नाही. पंपावर मराठीत एक पाटी लावायला किती खर्च येतो?

आमची मिआटा या मोसमातही ९३ वरच धावेल. इंजेक्टर आणि मिश्रणाच्या हिशोबाची एक छोटी स्प्रेडशीट केली आहे. आपल्या इंजिनाचे आकडे टाकले की किती टक्के वेळ इंजेक्टर उघडा राहील ते कळतं. हवी असेल त्यांनी मला वेगळी मेल टाका. आणि ज्यांनी ई-८५ वर टर्बो मिआटा चालवली आहे त्यांनी हिवाळी आणि उन्हाळी इंधनाची मोजलेली टक्केवारी इथे जरूर लिहा, विशेषतः मिशिगन आणि ओहायोवाल्यांनी. माझ्याकडे फक्त इलिनॉयचे आकडे आहेत.